फणसाच्या फळीची गिटार आणि आपले संस्कृतिरक्षक

2024 च्या चवथीतली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका मराठी संस्थेनं घरगुती हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. तशी संस्था प्रत्येक तालुक्यात एक तरी असतेच, तुम्ही आपापल्या तालुक्यातली समजून घ्या. पत्रकात अट एकच होती, वस्तू स्वतःच्या हातांनी घरी केलेली हवी. आमची मुलगी तेव्हा हायर सेकंडरीच्या पहिल्या वर्षाला. दहा महिने खपून तिनं आणि मी घरी बांधलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन ती तिथं गेली. मीही होतो, म्हणजे गाडी चालवायला.

टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी गिटार हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, पाठीवरून हात फिरवला. "लाकूड कसलं?" "फणसाचं." "अरे वा!" मग थोडं थांबून म्हणाले, "बाय, छान केलंस हो. पण हे आपल्यात बसत नाही." शेजारी बसलेल्या दुसऱ्या गृहस्थांना एवढा गोडवा परवडत नसावा. ते म्हणाले, "पाखल्यांचं वाद्य ते. उद्या कोणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

गिटार परत गाडीत आली. पोरगी रडली वगैरे नाही. अर्ध्या वाटेवर फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, तिथं थर्माकोलचं देऊळ होतं."

चवथीत तोंड वाईट करू नये म्हणून मी गप्प बसलो. त्याच संध्याकाळी त्याच संस्थेच्या मंचावर नाट्यगीतांचा कार्यक्रम होता, तोही ऐकून आलो. गायक चांगला होता. साथीला हार्मोनियम होतं. तंबोरा म्हणून एक मोबाइल फोन माइकजवळ उपडा ठेवला होता आणि त्यातून षड्ज-पंचम येत होते. टेबलाशी बसलेले दोन्ही गृहस्थ पुढच्या रांगेत मान डोलावत होते. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. उशीर झाला, पण राग शिळा झालेला नाही.

"आपलं" म्हणजे कोणाचं?

आधी हार्मोनियमचंच घेऊ. धातूच्या पात्या हवेनं थरथरवून सूर काढायचं हे यंत्र युरोपातलं. मांडी घालून, एका हातानं भाता मारत वाजवता येईल असं रूप त्याला 1875 च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी दिलं. आकाशवाणीनं 1940 साली त्याला स्टुडिओबाहेर काढलं. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, स्वर परकीय पद्धतीनं बांधलेले, असे आक्षेप होते. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडावं लागलं. म्हणजे आज ज्याच्याशिवाय आपल्या देवळातलं भजन उभं राहत नाही, ते वाद्य तीस वर्षं सरकारदरबारी परकं होतं. आणि संगीत नाटकाचा ऑर्गन? बालगंधर्वांच्या नाटकांना ज्या पायपेटीची साथ असे, ती परदेशातूनच बोटीनं आलेली होती. ऑर्गनचा पहिला सूर लागला की आपल्या अंगावर काटा येतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की हे पाखल्यांचं वाद्य.

व्हायोलिनची कथा तर आपल्याच अंगणातली. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरं सोल्फेज आणि रबेक शिकली. त्यातलेच कितीतरी जण पुढं मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. रेडिओवर जी जुनी हिंदी गाणी ऐकून आपण डोळे मिटतो, त्यांच्या मागचे तंतुवाद्यांचे ताफे गोंयकारांनी वाजवलेले आहेत. ते ऐकताना आपल्याला धर्म आठवत नाही, गिटार पाहिली की मात्र आठवतो.

आणि गिटारीबद्दल तरी आपल्या शास्त्रीय संगीताचं काय म्हणणं आहे? ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. 1967 च्या "कॉल ऑफ द व्हॅली" या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीनं त्यांची गिटार आहे. विश्वमोहन भट्टांनी गिटारीत फेरफार करून मोहनवीणा बनवली आणि 1994 साली ग्रॅमी घेतलं. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी चक्क इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवलं, आणि तेही स्वतःच्या गरजेप्रमाणे पाच तारांचं घडवून घेतलेलं. सनातनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मद्रासनं त्या पोराला डोक्यावर घेतलं. आम्ही मात्र प्रदर्शनाच्या टेबलावर दोन फूट जागा देऊ शकत नाही.

परकं काय होतं त्यात?

आता आमच्या गिटारीत पाखल्यांचं नेमकं काय होतं तेही सांगतो.

अंगाचं लाकूड फणसाचं. शेजारच्या वाड्यावर एक जुनं घर पाडलं, त्याच्या माडीची फळी. तंजावरची वीणा फणसाची, मृदंगाचं खोडही फणसाचं. तेव्हा हे लाकूड वाद्यांत नवखं नाही. मान सागवानाची, त्याच घराच्या दाराच्या चौकटीतली. आणि जिथं बोटं फिरतात ती पट्टी आमच्या आजीच्या मोडक्या शिसवी पलंगाची. इथं एक गंमत सांगितली पाहिजे. परदेशी बनावटीच्या असंख्य गिटारींवर ही बोटांची पट्टी असते ती आपल्या सह्याद्रीतल्याच शिसवीची. जगभर ती "इंडियन रोझवूड" म्हणून ओळखली जाते. शिसवीच्या कुळातल्या झाडांच्या व्यापारावर 2017 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. तेव्हा गिटारीच्या कारखान्यांची इतकी तारांबळ उडाली की 2019 साली तयार वाद्यांना त्यातून सवलत द्यावी लागली. म्हणजे आपल्या घाटातलं लाकूड परदेशी जाऊन गिटार होऊन आलं तर ती "इंपोर्टेड", लोक कौतुकानं किंमत विचारतात. तेच लाकूड आजीच्या पलंगातून थेट आमच्या पडवीत गिटार झालं, तर ते आपल्यात बसत नाही.

गिटारीचे फ्रेट म्हणजे सतारीचे पडदेच. फरक एवढा की सतारीचे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येतात. हे पट्टीत ठोकलेले, एकदा बसले की बसले. म्हणून त्यांचं माप चुकून चालत नाही. मी एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं की तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडत पुढं जायचं. हा नियम खरोखरच जुना आहे. गॅलिलिओचे वडील विन्सेन्झो गॅलिली यांनी 1581 साली ल्यूट नावाच्या वाद्यासाठी तो लिहून ठेवला. मी मोठ्या रुबाबात त्या मापानं पहिली पट्टी कापली. आमच्या कन्येनं गणकयंत्र घेऊन दाखवून दिलं की खरा भाजक 18 नसून 17.817 आहे, कारण सप्तकाचे बारा सारखे भाग पाडायचे तर दोनाचं बारावं मूळ काढावं लागतं. आमची तार 648 मिलिमीटरची. बारावा पडदा बरोबर मध्यावर, 324 वर यायला हवा. अठराच्या हिशेबानं तो दोन मिलिमीटरांहून जास्त अलीकडे आला होता. आजीच्या पलंगाची एक पट्टी वाया गेली. पलंगाला बाजू दोन असतात म्हणून निभावलं.

आमच्या वाड्यावरचे मेस्त सगळं पाहत होते. सत्तरीचे आहेत, देवळाचं काम केलेले. मी दुसरी पट्टी घाईनं कापायला घेतली तेव्हा त्यांनी करवत काढून घेतली आणि म्हणाले, "लाकडाक घाई ना, बाब. घाई तुमकां." नंतर महिनाभर त्यांनी आम्हाला फक्त रंधा मारायला लावला. सागवान तेलकट असतं, त्यावर सरस नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी तो भाग थिनरनं पुसून लगेच जोडायचा, हे त्यांनीच सांगितलं. सहा तारा चढवल्या की मानेवर सुमारे 45 किलोंचा ओढा येतो. त्यासाठी मानेच्या पोटात पोलादी सळई बसवावी लागते. ती कशी बसवायची यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. आयुष्यात कधी गिटार हातात न घेतलेला माणूस, पण ओढा कुठून कुठं जाईल हे त्याला बोटानं दाखवता येत होतं. आणि खरंच, जुलैच्या पावसात मान वाकली तेव्हा त्याच सळईनं ती सरळ केली.

मग पिकअप, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारीचा कान. फॅरेडेनं 1831 साली शोधलेलं तत्त्व आपण सगळे शाळेत घोकलेले असतो. चुंबकाभोवती तारेचं वेटोळं, चुंबकीय क्षेत्र हललं की तारेत वीज. गिटारीची पोलादी तार थरथरते, क्षेत्र हलतं, वेटोळ्यात तसाच थरथरणारा प्रवाह येतो आणि अँप्लिफायर तो मोठा करतो. घोकणं सोपं होतं. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजार वेढे घ्यायचे म्हणजे काय ते करून पाहिल्यावर कळलं. शिवणयंत्राची मोटर वापरली. वेढे मोजायला मुलीनं एक स्वस्त गणकयंत्र उघडलं आणि त्याच्या "बरोबर"च्या बटणाला चुंबकानं बंद होणारा स्विच जोडला. एक अधिक एक दाबून ठेवलं की दर फेऱ्याला आकडा एकानं वाढतो. पहिल्या खेपेला पाच हजारांच्या पुढं तार तुटली. दुसऱ्या खेपेला माझ्या शिंकेनं तुटली. तिसऱ्या खेपेला मला पडवीबाहेर काढण्यात आलं आणि वेटोळं पुरं झालं. ते मेणात बुडवावं लागतं, नाहीतर मोठ्या आवाजात शिटी मारतं. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, पेट घेतं. पातेल्यात पाणी, पाण्यात दुसरं भांडं, असं स्वयंपाकघरात चाललेलं पाहून सौभाग्यवतींनी ते भांडं आम्हाला कायमचं देऊन टाकलं.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा सुरांऐवजी घुंऽऽ असा आवाज. ती घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण. तारांना हात लावला तरी कमी होईना, म्हणजे गोम जमिनीच्या जोडणीत. तीन रात्री शोधल्यावर सापडलं, घोडीकडे जाणारी एक तार मीच जोडायची विसरलो होतो. ती जोडली, आतल्या खोबणीला तांब्याचा पातळ पत्रा लावला, आणि पहिला स्वच्छ सूर निघाला. मेस्त पडवीच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "आतां उलयली."

मंडळी, या सगळ्यात नक्की कुठला भाग परका होता ते मला कोणीतरी सांगा.

डोळ्यांनी ऐकणारे

अमेरिकेत लेस पॉल नावाचा गिटारवादक होऊन गेला. 1941 च्या सुमारास त्यानं एका चार इंची चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून गिटार केली. आवाज उत्तम, पण लोकांना ती पाहवेना. मग त्यानं एक पोकळ गिटार मधोमध कापली आणि तिचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. पंखांचा आवाजाशी फारसा संबंध नव्हता. पण आता ती गिटारीसारखी दिसू लागली आणि लोक खूश झाले. तो पुढं सांगत असे की लोक डोळ्यांनी ऐकतात.

आमच्या प्रदर्शनातल्या गृहस्थांचं तेच झालं. फणसाची फळी हातात असताना "अरे वा" निघालं, कारण हात लाकडाला लागला होता. मग डोळ्यांना आकार दिसला आणि आकाराबरोबर शिवोलीची पार्टी, कार्निव्हल, लांब केसांची पोरं असं काय काय दिसलं. त्याच शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी 1984 साली "गोवन क्रेझी" हा अख्खा अल्बम स्वतःच्या घरात, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर बसून केला. पण घरी बसून, स्वतःच्या हातांनी काही करणं हा गुण आपण माणसाचं नाव विचारून मोजतो.

खरं दुखणं वेगळंच आहे

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, ठीक आहे, एका टेबलावरच्या दोन माणसांचा हा प्रश्न, एवढं मनावर काय घ्यायचं. तसं असतं तर मी लिहिलं नसतं. पण ही गिटार होत असताना आमच्याच नात्यातल्या, शिकलेल्या, सुसंस्कृत लोकांनी जे ऐकवलं त्यात "पाश्चात्त्य" हा शब्द फार क्वचित आला. जास्त वेळा आलं ते हे: "मुलगी रंधा मारते?" "सुतारकाम करायला मेस्त आहे ना?" "बारावी तोंडावर असताना हे कसले धंदे?" आणि एक तर अगदी प्रेमानं, "तिला वाजवायला आवडत असेल तर विकत घेऊन दे की, परवडत नाही का तुला?"

हे आपलं खरं दुखणं. वाजवणं ही कला, ऐकणं हे रसिकपण, आणि बनवणं हे हलकं काम. ते करणारा माणूस पायरीवर बसतो, चहा वेगळ्या कपातून पितो आणि काम झालं की पैसे मोजून घेऊन जातो. आपल्याकडे कुठल्या गायिकेचे गुरू कोण, त्यांचे गुरू कोण, हे सात पिढ्या पाठ असतं. पण केसरबाई केरकरांच्या मागं जो तंबोरा घुमत असे, तो कोणाच्या हातचा? आपल्यापैकी किती जणांना हा प्रश्न तरी पडला? मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तलवारींना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांपासून सुरू झालेली ती परंपरा आजही चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2024 साली. दीडशेहून अधिक वर्षं अख्ख्या किराणा आणि ग्वाल्हेर घराण्यांचे सूर ज्यांनी घडवलेल्या भोपळ्यांतून घुमले, त्यांना ओळखपत्र मिळायला एवढा वेळ लागला.

आणि या बाबतीत गोव्यानं तरी शहाणं व्हायला हवं होतं. गाणाऱ्यांच्या बाबतीत आपण हेच करून चुकलो आहोत. देवळांत गाणाऱ्या कलावंत घराण्यांतल्या बायकांचं गाणं आपल्या पूर्वजांना हवं होतं, त्या बायका पंगतीत नको होत्या. त्याच घराण्यांतून केसरबाई आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या, मंगेशीचे दीनानाथ आले. आज कला अकादमीच्या नाट्यगृहाला दीनानाथांचं नाव आहे, केसरबाईंच्या नावानं संगीत समारोह होतो आणि आपण पहिल्या रांगेचे पास मिळवायला धडपडतो. गाणाऱ्याला अंगणातून ओसरीवर घ्यायला आपण शंभर वर्षं लावली. घडवणारा अजून अंगणातच आहे.

घुमटाचं पाहा. आरतीत घुमट हवं, सुवारी हवी, मांड्यालाही घुमट हवं. हिंदू-ख्रिस्ती दोघांनाही आपलं वाटणारं असं दुसरं वाद्य या भूमीत शोधून सापडायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिलं आणि तिचं कातडं वापरणं गुन्हा ठरलं. मग कोणीतरी बकऱ्याचं कातडं लावून, ते कमी-जास्त ताणून, मडक्याचा गळा बदलून पुन्हा तो नाद जवळपास आणला. हा प्रयोग होता, पडवीत बसून केलेला. 2019 साली सरकारनं घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, भाषणं झाली. घुमटाचं मडकं करणाऱ्या कुंभाराला त्या मंचावर बोलावलेलं तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का? पाहिलं असेल तर मला जरूर कळवा, मी माझं वाक्य मागं घेईन.

ब्रायन मे हे नाव आपल्या तरुण पोरांना माहीत आहे. "क्वीन" या बँडचा गिटारवादक. (त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे जाता जाता.) 1963 साली, सोळाव्या वर्षी, त्याला गिटार हवी होती आणि विकत घेण्याची ऐपत नव्हती. तो आणि त्याचे वडील घरातच कामाला लागले. मान केली ती जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची. लाकडाला कीड लागून पडलेली भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्यांच्या बटणांचे. दोनेक वर्षं लागली. 2002 साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभं राहून त्यानं जी गिटार वाजवली ती हीच. त्यानं पुढं खगोलशास्त्रात डॉक्टरेटही घेतली. तेव्हा रंधा मारल्यानं अभ्यास बुडतो असं म्हणणाऱ्यांनी चिंता करू नये. आणि त्या घरात बापाला कोणी विचारलं नसावं की सुतार का लावला नाहीस.

आक्षेपांना उत्तरं

विकत घेणं स्वस्त पडतं, हे खरं आहे. दहा-बारा हजारांत बरी गिटार येते. आम्हाला हत्यारं धरून त्याहून जास्त खर्च आला, वाया गेलेलं लाकूड आणि भांडं वेगळंच. पैसे वाचवायला कोणी गिटार बांधत असेल तर त्यानं बांधू नये. स्वयंपाकही खाणावळीतून आणणं कधीकधी स्वस्त पडतं, म्हणून आपण घरची चूल विझवत नाही.

दुसरा आक्षेप, चुंबक, किल्ल्या, तारा तर विकतच्या ना? हो. तंबोऱ्याच्या ताराही मेस्त्री स्वतः खेचत नाही. लिओ फेंडर, ज्याच्या नावानं जगातल्या निम्म्या इलेक्ट्रिक गिटारी ओळखाव्यात, तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा होता आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 साली त्यानं फळीला मान स्क्रूंनी जोडून गिटार बाजारात आणली. अशी गिटार, की जिची मान खराब झाली तर सरळ बदलता येते. वाद्य आणि यंत्र यांच्यातली भिंत त्यानं तेव्हाच पाडली. आपण ती अजून राखत बसलो आहोत.

तिसरा आक्षेप मला खरंच गंभीर वाटतो, म्हणून त्यावर चिडून चालणार नाही. गोव्यात मराठीची जागा आक्रसते आहे. सरकारी मराठी शाळांत पोरं कमी होत चालली, भजनी मंडळांत पिकली डोकी जास्त. अशा वेळी जे आपलं ठळकपणे आहे तेच मंचावर आणावं, गिटारीला जागा द्यायला बाकी जग आहेच, असं संस्थेच्या लोकांना वाटत असेल. ही भीती मलाही आहे. पण या भीतीवर कुंपण हा उपाय नाही. त्या दिवशी त्या टेबलाशी एक सतरा वर्षांची मुलगी आली होती, जी घरात मराठी बोलते, मराठी वाचते आणि आपली वस्तू प्रथम मराठी संस्थेला दाखवावी असं जिला वाटलं. तिला तुम्ही परत पाठवलंत. पुढल्या वेळी ती तुमच्याकडे येणार नाही. मडगावला किंवा बंगळूरला जाईल, तिथं कोणी तिला आपल्यात बसत नाही म्हणणार नाही. मग दहा वर्षांनी तुम्हीच परिसंवाद भरवाल, विषय "तरुण पिढी मराठीपासून दूर का?"

आणि मेस्तांचं काय? त्यांचा मुलगा परदेशी बोटीवर आहे. नातू कॉम्प्युटर शिकतो. त्यांच्या हातातलं जे होतं ते घ्यायला घरात कोणी उरलं नव्हतं. दहा महिने ते आमच्या पडवीत येत राहिले, पैसे द्यायला गेलो तर रागावले. आता मुलीला सांध्याचे प्रकार नावानिशी येतात, करवतीला दात कसे लावायचे ते येतं, ओलं लाकूड वासावरून ओळखता येतं. ही विद्या गिटारीच्या निमित्तानं एका घरातून दुसऱ्या घरात गेली. नाहीतर मेस्तांबरोबर संपली असती. हिला परंपरा म्हणायचं नसेल तर परंपरा हा शब्द आपण फक्त समई लावताना वापरू.

कबूल करतो, मीही आधी हसलोच होतो. मुलीनं गिटार बांधायची म्हटलं तेव्हा "विकत घेऊ" हे वाक्य माझ्याच तोंडून पहिल्यांदा निघालं. मी हार्मोनियम वाजवतो, तीस वर्षं वाजवतोय, आणि माझी पेटी आतून कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. गिटार झाल्यावर ती उघडली. आत पात्यांच्या रांगा, आणि लाकडावर पेन्सिलीनं कोणा कारागिरानं घातलेले आकडे. तीस वर्षं तो माणूस माझ्या मांडीसमोर होता.

तेव्हा संस्थेला माझी जाहीर विनंती. येत्या चवथीला हस्तकलेच्या प्रदर्शनात एक टेबल वाद्य घडवणाऱ्यांचं ठेवा. घुमटाचं मडकं करणारा कुंभार बसू दे, त्यावर कातडं चढवणारा बसू दे, हार्मोनियमची पाती घासून सुरात आणणारा बसू दे. त्यांना व्यासपीठावर खुर्ची द्या आणि पत्रिकेत नाव छापा. मेस्तांना मी घेऊन येतो. ते यायला तयार नाहीत, म्हणतात, "हांव थंय कितें करूं?" पण त्यांची समजूत घालायचं काम माझं. टेबलाच्या कोपऱ्यात दोन फूट जागा उरली तर फणसाची गिटारही ठेवू. नाही उरली तरी चालेल. पोरीनं आता दुसरी बांधायला घेतली आहे, या खेपेला बिनपडद्यांची, म्हणजे तिच्यावर मींड काढता येईल. तिच्या आजोबांना भीमपलास ऐकायचा आहे.